‘पास असलेल्यांनीच अर्ज करावा’ : अशा जाहिरातीला अर्ज करण्याची योग्य पद्धत

सहार कार्गोतल्या कामाच्या जाहिरातीखाली ‘व्हॅलिड एइपी कम्पल्सरी’ असं लिहिलेलं असतं. बॅलार्ड पिअर किंवा न्हावाशेव्याच्या कस्टम ब्रोकरकडची, म्हणजे आयात-निर्यात मालाचं कस्टमचं काम करून देणाऱ्याकडची, जागा असेल तर ‘जी कार्ड, एच कार्ड होल्डर्स ओन्ली’. परदेशातल्या आयटीच्या जागेवर ‘ॲक्टिव्ह सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे सुरक्षा पडताळणी होऊन मिळालेली चालू परवानगी. तिन्हींचा अर्थ वाचणाऱ्याला एकच वाटतो : आधी कुठून तरी हा कागद मिळवायचा आणि मग अर्ज करायचा.

गैरसमज नेमका इथेच होतो. यातली बहुतेक क्लिअरन्स तुमच्या नावावर निघतात, पण तुमच्या मागणीवरून निघत नाहीत. नोकरी देणारी संस्था मागणी करते, तुमची पडताळणी होते, आणि पास त्या नोकरीपुरता मिळतो. ड्रायव्हिंग लायसन्ससारखा तो स्वतः जाऊन काढता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे एकजण अर्जच करत नाही आणि दुसरा एजंटाला पैसे मोजून बसतो. माझ्याकडे अंधेरी, कुर्ला, विरारहून मुलंमुली कागद घेऊन येतात, त्यांच्यात या दोन्ही तऱ्हा मी सारख्याच पाहते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटला की महिना-दोन महिने सहज वाया जातात.

## टप्पा १ : जाहिरातीतला ‘पास’ नेमका कोणता, ते ओळखा

एइपी, म्हणजे एअरपोर्ट एन्ट्री परमिट. विमानतळाच्या आतल्या भागात काम करणाऱ्यांना हा पास लागतो. तो नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या, म्हणजे बीसीएएसच्या, अखत्यारीत येतो. गेटवर तो तपासतात सीआयएसएफचे जवान. अर्ज कंपनीच्या अधिकृत सही करणाऱ्या व्यक्तीमार्फतच जातो. विमान कंपनी, ग्राउंड हँडलिंग, कार्गो, केटरिंग, टर्मिनलमधलं दुकान, सगळ्यांना हाच नियम. नोकरी सोडली की पास परत करावा लागतो, आणि नव्या कंपनीत नवा निघतो.

आता ‘व्हॅलिड एइपी कम्पल्सरी’ ही ओळ पुन्हा वाचा. जुन्या कंपनीचा पास नव्या कंपनीत चालतच नाही, तर कंपनी तो का मागते? कारण आज ज्याच्याकडे पास आहे, त्याची पडताळणी एकदा झालेली असते आणि विमानतळावरची शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. नवा पास निघताना अडचण येणार नाही, एवढी खात्री कंपनीला हवी असते. तशी खात्री नवखा माणूसही बऱ्याच अंशी देऊ शकतो. टप्पा ३ ते ५ मध्ये तीच तयारी आहे.

जी कार्ड आणि एच कार्ड. ही कस्टम ब्रोकरच्या कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं असून ती २०१८ च्या कस्टम ब्रोकर परवाना नियमांखाली मिळतात. कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला जी कार्ड, न झालेल्याला एच कार्ड. अर्ज ब्रोकरमार्फतच होतो. त्यामुळे नवख्याने जी कार्डाची जाहिरात धरून बसू नये. आधी एच कार्ड काढून देणारा ब्रोकर शोधावा आणि जी कार्डाच्या परीक्षेला त्याच्याकडे राहून बसावं.

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. जाहिरातीत याला ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ किंवा ‘पीसीसी’ म्हणतात. या यादीत तुम्ही स्वतः अर्ज करून मिळवू शकता असा कागद हाच. सिक्युरिटी एजन्सीच्या जागांसाठी तो हमखास मागतात, कारण रखवालदार नेमण्यापूर्वी त्याचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासण्याचं बंधन २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने एजन्सीवर घातलेलं आहे.

परदेशी क्लिअरन्स. अमेरिकेचं ‘सीक्रेट’ किंवा ‘टॉप सीक्रेट’ मागणारी जाहिरात मुंबईत बसलेल्या भारतीय नागरिकाने सोडून द्यावी. ते क्लिअरन्स सर्वसाधारणपणे अमेरिकन नागरिकांनाच मिळतं, तेही नोकरी देणाऱ्याने किंवा सरकारी खात्याने पुढे केल्यावरच. ज्याच्याकडे ते होतं त्यानेही गोपनीय काम सोडून दोन वर्षं उलटली, तर बहुतेक वेळा प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ऑस्ट्रेलियातही नागरिकत्वाची अट आणि प्रायोजक संस्था दोन्ही लागतात.

ब्रिटनचं थोडं वेगळं आहे. तिथल्या ‘एससी’ (सिक्युरिटी चेक) पातळीसाठी साधारण पाच वर्षं आणि त्याहून वरच्या ‘डीव्ही’साठी (डेव्हलप्ड व्हेटिंग) साधारण दहा वर्षं ब्रिटनमधलं वास्तव्य पाहतात. मागणी तिथेही संस्थाच करते. शिवाय आधीपासून क्लिअरन्स असणं ही अर्जाची पूर्वअट असू नये, अशी तिथल्या सरकारची भूमिका आहे. अपवाद फक्त अल्प मुदतीच्या आणि तातडीने भरायच्या जागांचा. त्यामुळे तुमचा भाऊ किंवा मैत्रीण पाच-सहा वर्षं ब्रिटनमध्ये राहत असेल आणि अशी ओळ पाहून मागे हटत असेल, तर ‘क्लिअरन्स नाही, पण वास्तव्याची अट पूर्ण होते’ असं लिहून अर्ज करायला सांगा.

> तपासा : हा कागद कोण देतं? मागणी कोण करतं? नोकरी सुटल्यावर तो तुमच्याकडे राहतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : ‘हवाच’ की ‘असल्यास बरं’, हे विचारून घ्या

कंपन्या जाहिरातीचा मजकूर वर्षानुवर्षं तोच वापरतात. ‘कम्पल्सरी’ लिहिलेल्या जागांवरही नवखी मुलं घेतलेली मी पाहिली आहेत. पण कधीकधी अट खरी असते. उद्या सकाळच्या शिफ्टला माणूस कमी पडतोय आणि पास निघेपर्यंत थांबणं शक्य नाही, असंही असतं. जाहिरातीवरून हे ओळखता येत नाही. विचारावं लागतं, आणि अर्ज करण्याआधी विचारावं लागतं.

कंपनीच्या एचआरला साधा निरोप पुरतो :

‘नमस्कार मॅडम. कार्गो असिस्टंटच्या जागेची जाहिरात वाचली. माझ्याकडे सध्या एइपी नाही, पूर्वीही काढलेला नाही. पडताळणीसाठी लागणारे पत्त्यांचे आणि शिक्षणाचे सगळे कागद तयार करत आहे. निवड झाल्यास कंपनीमार्फत पास काढला जातो का, की आधीपासून एइपी असलेल्यांचेच अर्ज घेता? कृपया कळवावे.’

यात तुम्ही स्वतःबद्दल खरं सांगितलंत, तयारी दाखवलीत आणि हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारलात. ‘सर, पास नाही, चालेल का?’ एवढाच निरोप पाठवला तर उत्तर ‘नाही’ असंच येतं.

> सावधान : उत्तरात ‘पास आम्ही काढून देऊ, आधी अमुक रक्कम भरा’ असं आलं, तर संभाषण तिथेच थांबवा. पासची मागणी तुम्हाला नोकरी देणारी कंपनी करते. तुमच्याशी नोकरीचा संबंध नसलेला एजंट ती करूच शकत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

## टप्पा ३ : पाच वर्षांचा तक्ता करा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. पडताळणी रखडण्याची जी कारणं मी पाहिली, त्यांत गुन्हेगारी फारच क्वचित निघाली. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की अर्जातला पत्ता, आधारवरचा पत्ता आणि प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता एकमेकांशी जुळत नाहीत.

मुंबईत हे होणारच. चाळ पुनर्विकासाला गेली, तीन वर्षं संक्रमण शिबिरात काढली, मग नव्या इमारतीत खोली मिळाली. नाहीतर अकरा-अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर कांजूर, दिवा, नालासोपारा असा प्रवास झाला. आधार मात्र अजून परळच्या जुन्या खोलीवर, आणि रेशन कार्ड गावाला, रत्नागिरीत. यात तुमचा काहीच दोष नाही. पण फॉर्म भरताना आठवेल तसं लिहिलंत, तर पोलीस ज्या दारावर जातील तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नसेल.

एक कागद घ्या आणि आजपासून मागे पाच वर्षं जा. प्रत्येक पत्त्यासाठी एक ओळ :

१. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत राहिलात.
२. पूर्ण पत्ता, खोली क्रमांक आणि पिनकोडसह. इमारतीचं नाव बदललं असेल तर दोन्ही नावं.
३. कोणत्या पोलीस ठाण्याची हद्द.
४. पुरावा काय : नोंदणी केलेला भाडेकरार, वीजबिल, सोसायटीचं पत्र, संक्रमण शिबिराचं वाटपपत्र.
५. तिथे तुम्हाला ओळखणारी, आजही तिथे राहणारी एक व्यक्ती.

पाचवा मुद्दा लोक गाळतात. चौकशीला आलेल्या हवालदाराला शेजारच्या काकूंनी ‘हो, हा इथेच राहायचा’ असं सांगणं फार मोलाचं असतं. त्या काकूंना आधी फोन करून सांगून ठेवा, म्हणजे दारात पोलीस पाहून त्या घाबरणार नाहीत.

नोकऱ्यांचा तक्ताही असाच करा. इथे पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक, कामाला येतो. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘सर्व्हिस हिस्टरी’त प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. बायोडेटातल्या तारखा तिच्याशी ताडून पाहा. सोडल्याची तारीखच भरलेली नाही असं बऱ्याच जणांच्या बाबतीत निघतं. ती जुन्या कंपनीकडून भरून घ्या, कारण नाहीतर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला होता असं दिसतं.

बेकारीचे महिने रिकामे ठेवू नका. ‘जून ते नोव्हेंबर : घरी, आईच्या आजारपणात’ असं सरळ लिहा. यात लपवण्यासारखं काही नाही, पण रिकामी जागा दिसली की तिच्यावर प्रश्न येतो.

> तपासा : दोन्ही तक्त्यांत एकही महिना सुटलेला नाही ना? आजचा पत्ता आधारवर आहे का? नसेल तर आधी आधार बदला आणि मगच पुढचे अर्ज करा.

## टप्पा ४ : सगळ्या कागदांवर नाव एकच करा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर ते नाहीच. फक्त क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर निभावत नाही, आणि आपल्याकडच्या ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘डबल ए’ने अनेकांचे अर्ज परत आणले आहेत.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा सर्वाधिक त्रास होतो. शिक्षणाचे कागद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, आणि बँक खातं कधी या तर कधी त्या नावाने. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, हे दोन कागद हाताशी हवेत. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण नोंद प्रसिद्ध व्हायला वेळ जातो. म्हणून मुलाखतीची वाट न पाहता आधीच अर्ज टाका. नाव बदलायचंच नसेल तर तोही तुमचा निर्णय. मग सगळीकडे माहेरचंच नाव ठेवा, अर्धं इकडे अर्धं तिकडे नको.

आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का तेही आत्ताच पाहा. हाताने जड काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात. मशीन ठसे घेत नसेल तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने नोंदवून घ्या. विमानतळाचा पास बायोमेट्रिक असतो, त्यामुळे ही अडचण तिथेही येईल.

## टप्पा ५ : पोलीस पडताळणी, योग्य हद्दीत आणि खरी माहिती देऊन

आधी दोन कागदांतला फरक समजून घ्या. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारी पीसीसी परदेशातली नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यासाठी असते. इथल्या नोकरीसाठी लागतं ते पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, आणि त्याचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर करतात. भलत्याच कागदाचे पैसे भरून आलेली मुलं मला दर थोड्या दिवसांनी भेटतात.

दुसरी चूक हद्दीची. लोकलने रोज चर्चगेटला येतो म्हणून आपण मुंबई पोलिसांच्या हद्दीत येत नाही. वसई, विरार, नालासोपारा, मीरा रोड, भाईंदर हा भाग मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो. कल्याण-डोंबिवली ठाणे शहर आयुक्तालयात, पनवेल नवी मुंबईत. अर्ज राहत्या पत्त्याच्या आयुक्तालयाकडे करायचा. नोकरीचं ठिकाण कुठलं याला इथे महत्त्व नाही.

अर्जाबरोबर ओळखीचा, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडा. कंपनीने मागितलं असेल तर तिचं पत्रही जोडा, म्हणजे प्रमाणपत्र कशासाठी हवं हे स्पष्ट होतं. ठाण्यातून बोलावणं आलं की मूळ कागद आणि टप्पा ३ चा तक्ता घेऊन जा. तक्ता पाहून तिथल्या कर्मचाऱ्याचंही काम हलकं होतं.

हा कागद अर्ज करण्याच्या सहा महिने आधी काढून ठेवू नका. बऱ्याच कंपन्या ताजाच मागतात. आणि हातात प्रमाणपत्र असलं म्हणून एइपीची पडताळणी टळत नाही, ती स्वतंत्रपणे होते. तरीही आपल्या नावावर काही नोंद निघते का, हे तुम्हाला आधी कळतं, आणि या कागदाचा खरा फायदा तोच.

नोंद असेल तर? शेजाऱ्यांच्या भांडणात अदखलपात्र नोंद झालेली असते. आंदोलनात नाव आलेलं असतं. कॉलेजातल्या मारामारीचा खटला निर्दोष सुटून संपलेला असतो. घरचे सांगतात, ‘लिहू नकोस, कोण बघतंय?’ कृपा करून हे ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की पडताळणी अर्जात दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. माहिती दडवल्याबद्दल नोकरी जाऊ शकते. खरं सांगितलं तरी उमेदवाराची योग्यता तपासण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला राहतो. मात्र किरकोळ प्रकरण असेल तर त्याकडे समजुतीने पाहण्याची मोकळीकही त्याला आहे. लपवणाऱ्याची बाजू पहिल्यापासूनच लंगडी होते.

फॉर्ममधला प्रश्न शब्दन् शब्द वाचा. ‘अटक झाली होती का’, ‘गुन्हा नोंदला होता का’, ‘शिक्षा झाली का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी असू शकतात. खटला संपला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून काढून जोडा. जुन्या प्रकरणाची प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी सुरू करा.

> तपासा : फॉर्ममधला पत्ता, आधार आणि तक्ता तंतोतंत जुळतात का? कुठल्याही प्रश्नापुढे नुसती आडवी रेघ मारलेली नाही ना? ‘नाही’ असेल तर ‘नाही’ असंच लिहा.

## टप्पा ६ : बायोडेटातली ती एक ओळ

‘एइपी : उपलब्ध’ हे शब्द नसलेल्या पासबद्दल कधीही लिहू नका. पहिल्याच दिवशी पासची प्रत मागतात आणि खोटं तिथेच उघडं पडतं. सुरक्षेच्या कामात खोटं सापडलं की मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणाला काही किंमत उरत नाही.

पूर्वी पास होता त्याने असं लिहावं : ‘एइपी : पूर्वीच्या कंपनीत होता, नोकरी सोडताना परत केला, परतीची पोच उपलब्ध.’ कधीच नव्हता त्याने असं : ‘एइपी : अद्याप काढलेला नाही. पडताळणीचे सर्व कागद तयार, पाच वर्षांचे पत्ते पुराव्यांसह.’

पास क्रमांक आणि पासचा फोटो बायोडेटात टाकू नका. नोकरीच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

स्वतःच्या बळावर मिळवता येईल अशी पात्रता हवी असेल, तर कार्गोसाठी धोकादायक मालाच्या हाताळणीचं, म्हणजे डीजीआरचं, प्रशिक्षण आहे. ते डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्या, आणि प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं असते हे लक्षात ठेवून वेळ निवडा. ‘आमचा कोर्स करा, एइपी आणि ॲव्हसेक सर्टिफिकेट दोन्ही मिळेल’ असं सांगणाऱ्या क्लासपासून दूर राहा. बीसीएएसच्या ॲव्हसेक, म्हणजे विमान वाहतूक सुरक्षेच्या, कोर्सला उमेदवार संस्थेमार्फत पाठवले जातात. गावाकडची जमीन गहाण ठेवून अशा कोर्सची फी भरलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं ठासून सांगते.

## टप्पा ७ : ऑफर मिळाल्यापासून पास हातात येईपर्यंत

इथे क्रम चुकला की थेट पगारावर गदा येते.

१. ऑफर लेटर लेखी घ्या. पास मिळेपर्यंत पगार चालू होतो का, आणि पास नाकारला गेला तर काय, हे त्यात नसेल तर मेलवर विचारा.
२. कंपनीचा पडताळणी फॉर्म तक्ता समोर ठेवून भरा. भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा.
३. पोलीस चौकशीच्या काळात घर बदलू नका. बदलणं भागच असेल तर कंपनीला लगेच कळवा.
४. सध्याच्या नोकरीचा राजीनामा पडताळणी कुठवर आली हे विचारूनच द्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यामुळे दोन महिने बिनपगारी बसलेले लोक प्रत्येक टर्मिनलवर सापडतील.
५. जुनी नोकरीही विमानतळावरचीच असेल तर जुना पास परत करा आणि पोचपावती घ्या. पास हरवला असेल तर आधी कंपनीला कळवून पोलिसांत तक्रार नोंदवा, कारण ते प्रकरण निकाली लागेपर्यंत नव्या पासात अडथळा येऊ शकतो.
६. पास मिळाला की त्यावरची क्षेत्रांची अक्षरं आणि मुदतीची तारीख वाचा. ज्या भागाची परवानगी नाही तिथे सुपरवायझरने पाठवलं तरी जाऊ नका, कारण पास तुमच्या नावावर आहे.

तीन-चार आठवडे काहीच हललं नाही तर पोलीस ठाण्यात जाण्याआधी कंपनीत विचारा : फाइल नेमकी कुणाकडे आहे, कोणत्या पत्त्याच्या पडताळणीसाठी अडली आहे? बहुतेक वेळा ती गावच्या पत्त्यावर अडलेली असते. मग तक्त्यातल्या पाचव्या रकान्यातल्या माणसाला फोन करा आणि गावच्या ठाण्यातून कुणी येऊन गेलं का ते विचारा.